डासाची चिठ्ठी



एचआयव्हीवर बोलायला मी कॉलेजांत, कारखान्यांत, महिला मंडळांत जाते. बोलून झाल्यावर मी कुणाला हात वर करून प्रश्न विचारायला सांगत नाही. कागदाचे कोरे तुकडे वाटते. नाव लिहायचं नाही, घडी घालून डब्यात टाकायचा. मध्य प्रदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात मी २००६ सालापासून समुपदेशक म्हणून काम करते, म्हणजे अशा चिठ्ठ्या वाचायला लागून बरीच वर्षं झाली. हिंदीत येतात, मराठीत येतात, अर्ध्या इंग्रजीत येतात. आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असतेच असते. डास चावल्याने एचआयव्ही होतो का?

आज सुरुवात या डासापासूनच करते, कारण उत्तर फक्त ‘नाही’ असं दिलं की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच मानतात. त्यांचं चुकतं असंही नाही. डास एकाचं रक्त पितो, मग दुसऱ्याला चावतो. सुईसारखंच झालं की! मलेरिया, डेंग्यू असाच तर पसरतो. मग हा का नाही?

तर डास म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. त्याच्या सोंडेत रक्त वर ओढायची नळी वेगळी आणि आपल्या अंगात लाळ सोडायची नळी वेगळी. तो आधीच्या माणसाचं रक्त आपल्यात ओतत नाही, फक्त लाळ सोडतो. मलेरियाचा परजीवी आणि डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतात आणि शेवटी त्याच्या लाळेत पोहोचतात, म्हणून ते पसरतात. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या रक्तातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी लागतात. डासाच्या पोटात तो रक्ताबरोबर पचून जातो, बस.

हे शास्त्र झालं. पण मला स्वतःला याहून जास्त पटलेला पुरावा दुसरा आहे. डास माणसाचं वय बघून चावत नाही. एचआयव्ही डासाने पसरत असता तर अंगणात खेळणारी सात-आठ वर्षांची मुलं आणि ओट्यावर बसलेले म्हातारे यांच्यात तो तेवढाच सापडला असता. तसा तो सापडत नाही. सापडतो तो मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन माणसांत, आणि बाधित आईच्या पोटी आलेल्या काही मुलांत. एका खोलीत सहा जण झोपतात, डास सगळ्यांना फोडून काढतात, आणि बाधित असतात फक्त नवरा-बायको. अशी किती घरं मी पाहिली, मोजली नाहीत.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनी आणि गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून जातो. म्हणजे निरोधाशिवाय आलेला शरीरसंबंध, एकमेकांनी वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला. आपल्या देशात यातला पहिला मार्ग सगळ्यात मोठा आहे. ईशान्येकडच्या काही राज्यांत नशेच्या सुयांचा वाटाही मोठा. घाम, थुंकी, अश्रू, जेवणाचं ताट, टॉवेल, संडास, पोहण्याचा तलाव, मिठी, हातात हात यातून तो पसरत नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्याचा प्रश्नही येतो. पातं नवीन घ्यायला लावा, जरूर लावा, पण त्याचं मोठं कारण कावीळ बी आहे. तिचा विषाणू याच्यापेक्षा कितीतरी चिवट. रुग्णालयात चुकून सुई टोचली आणि ती एचआयव्हीबाधिताला वापरलेली असली, तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. कावीळ बीच्या बाबतीत, लस घेतलेली नसेल तर, ती शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. तरी काविळीच्या रुग्णाचं ताट कुणी वेगळं केलेलं मी पाहिलेलं नाही.

आता डब्यात न येणाऱ्या चिठ्ठीबद्दल बोलते. ‘तपासणी कुठे करायची?’ इतक्या वर्षांत हे विचारणाऱ्या चिठ्ठ्या मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. डासाबद्दल विचारणाऱ्याला आपण कुठेतरी बाहेरून, आपला काही दोष नसताना सापडू अशी भीती असते. आपल्या शरीरसंबंधातून, किंवा आपल्या नवऱ्याच्या, बायकोच्या शरीरसंबंधातून काही आलं असेल का, हे विचारायची हिंमत होत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या अंदाजाप्रमाणे आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत. मोठ्या माणसांत दर हजारी दोन. मोठ्या हाउसिंग सोसायटीत किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हजार माणसं सहज जमतात.

तपासणीबद्दलचे गैरसमज डासाएवढे प्रसिद्ध नाहीत, पण नुकसान तेच जास्त करतात. पहिला हा, की ‘माझ्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, त्यात निघालं असतंच.’ निघत नाही. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासताना एचआयव्ही आपोआप तपासला जात नाही. त्याची चाचणी वेगळी, आणि कायद्याने ती तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही. दुसरा, ‘नवऱ्याची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे माझी पण निगेटिव्हच.’ तसं नसतं. बरीच वर्षं एकत्र राहूनही एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो. तिसरा, ‘काल संबंध आला, आज तपासून घेतलं, सुटलो.’ विषाणू अंगात शिरल्यावर तो चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतो. आणि चौथा, तब्येतीवरून कळतं हा. अजिबात कळत नाही. लागण झाल्यापासून एड्सच्या अवस्थेपर्यंत जायला, उपचार नसले तरी, बहुतेकांना आठ-दहा वर्षं लागतात. त्या काळात माणूस क्रिकेट खेळतो, दुकान चालवतो, वजनही वाढवतो. एचआयव्ही आणि एड्स एकच, असं अजून खूप जण समजतात, म्हणून हे सांगावं लागतं. एचआयव्ही हा विषाणू. त्याने रोगप्रतिकारशक्ती इतकी खाली आणली, की रक्तातल्या सीडी फोर पेशी २०० च्या खाली गेल्या किंवा काही विशिष्ट आजार झाले, तर त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक माणसं त्या अवस्थेला जातच नाहीत.

हो, आणि एक गोष्ट वेळेची आहे म्हणून इथेच सांगते. सुई टोचली, बलात्कार झाला, अशा प्रसंगी ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर लागण टाळता येते. जेवढं लवकर तेवढं चांगलं, काही तासांत झालं तर उत्तम. सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं. सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

ही सगळी भीती आली कुठून? पोस्टरवरून आली, आणि ती पोस्टरं आम्हीच लावली. पण त्याही आधीचं थोडं सांगते. १९८६ साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना खात्री होती, की हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणार नाही. सुनीतीबाईंनी सेलप्पन निर्मला नावाच्या आपल्या विद्यार्थिनीला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासायला सांगितले. ते नमुने काही काळ निर्मलांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिले. तपासणीची सोय मद्रासमध्ये नव्हती, म्हणून रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. भारतातला एचआयव्ही असा कळला.

मग लोक घाबरले. गोव्यात १९८९ साली डॉमनिक डिसूझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचललं. तो नियमित रक्तदान करायचा, त्याच रक्तात एचआयव्ही सापडला होता. गुन्हा काही नाही. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती, म्हणून त्याला जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं, ६४ दिवस. त्याची आई हायकोर्टात गेली. बाहेर आल्यावर त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा सिनेमा त्याच्यावरून सुचलेला. तरुण मंडळींनी जरूर बघावा.

तेव्हा औषध जवळजवळ नव्हतंच. १९८७ साली पहिलं औषध आलं, पण एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा व्हायचा. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्याकडे परवडणार कुणाला? वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. आज बहुतेकांना दिवसातून एक गोळी पुरते. एकाच गोळीत तीन औषधं.

आता मी केलेली चूक सांगते.

२००७ साली माझ्यासमोर चोवीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. रिपोर्ट पॉझिटिव्ह. आई बाहेर बाकावर होती, तिला काही माहीत नव्हतं. त्याने मला दोनच प्रश्न विचारले. किती वर्षं जगेन, आणि लग्न करता येईल का. पहिल्याचं उत्तर मी बरं दिलं. सीडी फोर चांगला आहे, अजून गोळ्यांची गरज नाही, लागतील तेव्हा मिळतील. तेव्हा तो आकडा बराच खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. दुसऱ्या प्रश्नावर मी म्हणाले, ‘लग्नाचा विचार डोक्यातून काढून टाक. एखाद्या मुलीचं आयुष्य का खराब करतोस?’

असं मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. निर्णय त्याचा, माझं काम माहिती द्यायचं, एवढंच शिकवलं होतं. पण मीसुद्धा त्याच समाजात वाढलेली, डोक्यात तीच कवटीची पोस्टरं. मला वाटलं आपण जबाबदारीने बोलतोय.

त्याने माझं ऐकलं. घरी स्थळं आली, त्याने नाही म्हटलं. कारण सांगता येत नाही, म्हणून आईशी भांडणं. औषध सुरू झाल्यावर दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचा, एकदाही चुकला नाही. आमच्या रजिस्टरमधला सगळ्यात शिस्तीचा रुग्ण.

माझं बोलणं ज्यावर उभं होतं ते दरम्यान एकेक करून कोसळत होतं. २००८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञांनी जाहीर केलं, की औषध नीट चालू असलेल्या आणि रक्तात विषाणू सापडत नसलेल्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. जगभर गदारोळ झाला. पुरावा कुठे आहे, म्हणाले. मग नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. एक जण बाधित, दुसरा नाही, अशी जोडपी. त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीसुद्धा होती. चेन्नईचं केंद्र कुठलं? सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने काढलेल्या संस्थेतलं. २०११ साली त्याचा निकाल आला. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. नंतर युरोपात असाच अभ्यास झाला. त्यात निरोध न वापरणारी जोडपी होती, हजारो वेळा संबंध आले, बाधित जोडीदाराचा विषाणू औषधाने दबलेला होता. त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. कमी सापडली असं नव्हे. शून्य.

इंग्रजीत याला ‘यू इक्वल्स यू’ म्हणतात. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, मोजणीत सापडत नाही तो पसरत नाही. मोजणी म्हणजे व्हायरल लोड, एक मिलिलिटर रक्तात किती विषाणू आहेत तो आकडा. औषध रोज घेतलं तर साधारण सहा महिन्यांत तो न सापडण्याइतका खाली जातो. विषाणू शरीरात कुठेतरी दडून राहतोच, म्हणून गोळी जन्मभर. थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर. शिवाय इतर गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो. हे सगळं सांगायचं असतंच. पण शून्य म्हणजे शून्य, हे आधी सांगायचं असतं.

त्या मुलाला मी हे २०१८ साली सांगितलं. खरं तर त्याच्या दोन-तीन वर्षं आधी सांगायला हवं होतं. मला पुरेशी खात्री नव्हती, वरून लेखी काही आलं नव्हतं, आणि मनात कुठेतरी हेही होतं, की असं सांगितलं तर लोक बेफिकीर होतील. तो पस्तीस वर्षांचा झाला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मॅडम, हे तुम्ही मला आत्ता सांगताय?’ आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

त्याने लग्न केलं का, असं मला नेहमी विचारतात. नाही केलं. गोळ्या न्यायला येतो. करोनाच्या वेळी आम्ही तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला लागलो, तेव्हापासून भेट कमीच होते.

मला असं वाटतं, की आज आपल्याकडे सगळ्यात महाग पडणारा गैरसमज डासाचा नाहीच. एचआयव्ही म्हणजे मरण आणि बाधित माणूस म्हणजे चालतं-फिरतं संकट, हा आहे. औषध मोफत आहे, रोज एक गोळी आहे, तरीही माणसं उशिरा येतात किंवा आलेली सुटतात, ती यामुळे.

एक उदाहरण सांगते. एकत्र कुटुंबातली सून. नवरा-बायको दोघंही बाधित, दोघांनाच माहीत. घर तीन खोल्यांचं, माणसं नऊ. गोळ्यांची बाटली प्लॅस्टिकची असते, हलवली की खडखडते. हिने आत कापूस कोंबला. वरचं लेबल खरवडून काढलं. बाटली तांदळाच्या डब्यात. रात्री सगळे झोपले की उठायचं, अंधारात डबा उघडायचा. आमच्या सेंटरबाहेरच्या कचरापेटीत मला अशी खरवडलेली लेबलं रोज दिसतात. गोळ्या घेतल्या की लोक तिथेच बाटली फोडतात आणि गोळ्या चूर्णाच्या, हिंगाच्या डबीत भरतात.

मग नणंदेचं लग्न निघालं. घरात वीस-बावीस पाहुणे, स्वयंपाकघरातसुद्धा माणसं झोपलेली. बारा दिवस गोळी घेता आली नाही. बारा दिवसांनी तिला वाटलं, काहीच तर झालं नाही, बरंच वाटतंय. मग अधूनमधून, मग बंद. आठ महिन्यांनी ती आली तेव्हा खोकत होती, वजन अकरा किलोने उतरलेलं. क्षय झाला होता. एचआयव्ही असलेल्यांना मारणारा सगळ्यात मोठा आजार आजही क्षय आहे. सीडी फोर ८७. मी रागावले, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, गोळी गिळायला दोन सेकंद लागतात. घरात मला ते दोन सेकंद मिळत नाहीत.’

ती वाचली. क्षयाचा कोर्स पूर्ण झाला, गोळी पुन्हा सुरू झाली. पण रुग्णालयात राहावं लागल्याने सासूबाईंना कळलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सुनेचा ग्लास वेगळा केला. मग माझ्याकडे आल्या. नातवंडं तिच्याच हातचं जेवतात, बाथरूम एक आहे, मी काय करू? मी सगळं सांगितलं. पुन्हा आल्या, पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वेगळंच विचारलं, ‘गोळी किती वाजता द्यायची?’ आता ती बाटली सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांशेजारी उघड्यावर असते आणि रात्री नऊला त्याच हाक मारतात. ग्लास मात्र अजून वेगळाच आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘बाई, ते मला माहितीये सगळं, पण हात जात नाही.’ सासूबाईंवर मला रागावता आलं नाही.

शिकलेल्यांवर मात्र राग येतो. एका रुग्णाचं हर्नियाचं ऑपरेशन एका मोठ्या रुग्णालयात चार वेळा पुढे ढकललं. शेवटी फाइल हातात आली तर वर लाल शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, वॉर्डबॉयपासून सगळ्यांना दिसेल असं. हातमोजे, निर्जंतुक हत्यारं, सुया नीट टाकणं ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यायची असते, कारण तपासणी न झालेला बाधित माणूस रोज टेबलावर येत असतोच. औषधावर असलेल्या, विषाणू न सापडणाऱ्या माणसापेक्षा डॉक्टरला जास्त धोका त्या न तपासलेल्याकडून आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचं घर, विमा यांत भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी हवा, आणि राज्यात लोकपाल. नोकरीबद्दल तर मुंबई हायकोर्टाने १९९७ सालीच सांगितलं होतं, की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. आमच्या त्या रुग्णाने तक्रार केली नाही. तक्रारीत नाव लिहावं लागेल, म्हणाला. ऑपरेशन दुसरीकडे झालं.

मुलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आईला आहे म्हणजे मुलाला असणारच, असं अजूनही धरून चालतात. काहीच उपचार केले नाहीत तर शंभर बाळांत पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. म्हणजे उपचाराशिवायसुद्धा सगळ्यांना होत नाही. आईने गरोदरपणात गोळी घेतली आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं, नीट जमलं तर एक-दोनच्याही खाली. बाळाची वेगळ्या प्रकारची तपासणी आम्ही सहाव्या आठवड्यापासून करतो, पण शेवटचा निकाल अठराव्या महिन्याला. का, तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात येतात आणि वर्ष-दीड वर्ष रेंगाळतात. त्यामुळे लहान बाळाची साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी त्याचा अर्थ त्याला लागण झाली असा होत नाही. हे माहीत नसलेल्या एका लॅबने तीन महिन्यांच्या बाळाचा असा रिपोर्ट हातात दिला आणि त्या घरात आजोबांनी बाळाला घ्यायचंच सोडलं. अठराव्या महिन्याला बाळ निगेटिव्ह निघालं. पंधरा महिने ते आजोबांच्या मांडीवर बसलं नव्हतं. रिपोर्ट घ्यायला आजोबाच आले होते.

जडीबुटीने एचआयव्ही मुळासकट घालवतो म्हणणारे भेटतील. आपल्या औषध नियमांत काही आजारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. एड्स त्या यादीत आहे. त्यांच्या नादाने गोळी सोडली की काय होतं, ते सुनेच्या गोष्टीत सांगितलंच.

आता शेवटची चिठ्ठी. मागच्या महिन्यात एका कॉलेजात बोलले, दोनशे मुलं होती. डब्यात डास होता, न्हावी होता, आणि तळाशी एक चिठ्ठी होती. ‘मी जन्मापासून पॉझिटिव्ह आहे. गोळी रोज घेतो. रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही. मैत्रिणीला कधी सांगू?’

ती मी मोठ्याने वाचली नाही. वाचली असती तर दोनशे डोकी अक्षर कुणाचं ते शोधायला लागली असती. फळ्यावर १०९७ लिहिलं, नाकोची मोफत हेल्पलाइन आहे ती, आणि माझ्या खोलीचा नंबर लिहिला. अजून कुणी आलेलं नाही. ही मालिका पोरं बघतात असं मला आयोजकांनी सांगितलं, म्हणून उत्तर इथे देते.

बाळा, संबंध येण्याच्या आधी सांग. तुझ्यापासून तिला धोका आहे म्हणून नाही, विषाणू सापडत नाही तोवर तो नाही. पण तिला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती गोळीबद्दल विचारणार नाही, लपवल्याबद्दल विचारेल. कायदासुद्धा आधी सांगण्याची किंवा खबरदारी घेण्याची अपेक्षा ठेवतो. ती घाबरेल, बहुधा डासाबद्दल विचारेल. एकट्याने सांगायला जमत नसेल तर तिला घेऊन माझ्याकडे ये, मी सांगते. गेल्या सहा महिन्यांतला व्हायरल लोडचा रिपोर्ट बरोबर आण. दुपारी दोननंतर गर्दी नसते.